फेरीच्या मोटारसायकलची निगा : शुक्रवारचा एक तास

ज्याचा धंदा दुकानाच्या गादीवर बसून चालतो, त्याच्यासाठी मोटारसायकल म्हणजे घर ते दुकान एवढीच बाब असते. परंतु ज्याचे दुकानच मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने बांधलेले असते, त्याची गोष्ट वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातून रोज सकाळी असे कितीतरी बांधव बाहेर पडतात. कुणाच्या गाठोड्यात लहान मुलांचे तयार कपडे, कुणाकडे बांगड्या, कुणाकडे चादरी, तर कुणाकडे शेगडी दुरुस्तीची पेटी. आज कन्नड, उद्या सिल्लोड, परवा पैठण, जिथे बाजार तिथे मुक्काम. या मंडळींसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम थोडा हिशेब करू. यांपैकी कोणत्याही गावी जाऊन परत यायचे म्हटले, तर शंभर ते एकशे तीस किलोमीटर होतात. आठवड्याला पाच फेऱ्या धरल्या तर वर्षाकाठी गाडी पंचवीस हजार किलोमीटरच्या पुढे जाते. हौसेने मोठ्या गाड्या घेऊन लडाखपर्यंत जाणारे लोक आहेत, पण त्यांची गाडी वर्षातून एखादा लांबचा प्रवास करते आणि उरलेले दिवस कव्हर पांघरून उभी असते. खरा टूरिंगवाला आपला फेरीवालाच होय. तरीही तो हौशी मनुष्य निघण्यापूर्वी चेन तपासतो, हवा मोजतो, पाने जवळ ठेवतो. आणि ज्याची रोजीरोटी गाडीवर आहे तो मात्र गाडी बंद पडेपर्यंत तिच्याकडे पाहत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. रमजान ईदच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला आम्ही स्वतः लहान मुलांच्या कपड्यांची दोन गाठोडी घेऊन सिल्लोडच्या वाटेवर होतो. फुलंब्री ओलांडल्यावर चेन तुटली. ती महिना-दोन महिन्यांपासून कुरकुरत होती. ओळखीच्या मिस्त्रीने दोनदा सांगितलेही होते, पण आम्ही "ईद होऊ दे" म्हणून टाळले. गाडी ढकलत गॅरेज गाठेपर्यंत दुपार झाली. चेन किटचा खर्च हजार-बाराशेच्या घरातला, तो सोसला असता. पण ईदचे कपडे ईदनंतर कोण घेणार? ती दोन गाठोडी वर्षभर माळ्यावर पडून राहिली आणि ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलला होता, त्याच्यापुढे आमची मान खाली गेली. चेनला वेळेवर ऑइल घातले असते तर त्याचा खर्च चहाच्या दोन कपांइतका आला असता.

वास्तविक आपले शहर मोटारसायकलचेच शहर आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनविणारे कितीतरी लहान-मोठे उद्योग उभे राहिले. बजाजने १९९७ साली आणलेल्या 'बॉक्सर'ने पुढे आफ्रिकेत नाव काढले. युगांडा, नायजेरियासारख्या देशांत मोटारसायकल टॅक्सी चालविणारे हजारो लोक तिच्यावर पोट भरतात. ज्या शहरातल्या कारागिरांनी मोटारसायकली जोडल्या, त्याच शहरातल्या फेरीवाल्याला आपल्या गाडीची चेन किती ढिली आहे हे पाहता येऊ नये, याचे आम्हाला नवल वाटते.

शुक्रवारी आपल्यापैकी बरेच जण फेरी बंद ठेवतात. त्या सकाळचा एक तास गाडीला द्यावा. जुम्याच्या नमाजच्या तयारीला पुरेसा वेळ उरतो.

सुरुवात चेनपासून करावी. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी आणि इंजिन बंद ठेवावे. हे शेवटचे आम्ही मुद्दाम सांगतो. पुष्कळ लोक गाडी चालू करून, गियर टाकून, फिरत्या चेनला फडके लावतात. फडके चेनमध्ये ओढले गेले की त्याच्याबरोबर बोटही जाते. ज्याचे पोट सुई-दोऱ्यावर किंवा हातोडीवर आहे, त्याने एका मिनिटाच्या सोयीसाठी बोट पणाला लावू नये. चाक हातानेच फिरवावे.

चेनवरचा काळा चिखल डिझेलने भिजवलेल्या ब्रशने काढावा, पुसून कोरडे करावे आणि मग ९० नंबरचे गियर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. इंजिनमधून काढलेले जुने ऑइल चेनला घालण्याची पद्धत फार आहे, ती सोडून द्यावी. त्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस असतो आणि तो चेन आतून झिजवतो. ऑइल घातल्यावर जादाचे पुसून घ्यावे, नाहीतर फुलंब्रीपर्यंतची सगळी धूळ चेनवर जमा होते. फेरीच्या गाडीला हे काम दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला लागते.

त्यानंतर ढिलेपणा पाहावा. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली दाबले असता साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर खेळ असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच मानावा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावे आणि जिथे चेन सर्वात ताठ असेल तिथला आकडा धरावा. ताणताना आधी एक्सलचा नट ढिला करावा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. चाक मागे सरकले म्हणजे मागच्या ड्रम ब्रेकचा खेळही बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी पायाचा ब्रेक दाबून पाहावा.

ओझे वाहणाऱ्यांनी येथे एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. माल लादला की गाडी मागे बसते आणि चेन आपोआप ताठ होते. रिकामी गाडी उभी करून चेन तारेसारखी ताणली, तर दोन गाठोडी चढवल्यावर ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देऊ लागते. म्हणून चेन बसवल्यावर घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून पुन्हा एकदा बोट लावून पाहावे. चेनला क्लिपचे लॉक असेल तर क्लिपचे बंद तोंड चेन धावण्याच्या दिशेला असले पाहिजे. उलटी लावलेली क्लिप दगडाला घासून निघाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर एकटी चेन बदलून पैसे वाया घालवू नयेत, पूर्ण किट घ्यावे.

इंजिन ऑइलच्या बाबतीत पुस्तिकेत पाच-सहा हजार किलोमीटर लिहिलेले असले, तरी ओझे, धूळ आणि उन्हाळा पाहता आम्ही तीन हजाराला बदलतो. म्हणजे आमच्या हिशेबाने दर पाच-सहा आठवड्यांनी. पातळी मात्र दर शुक्रवारी पाहावी. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून कारसाठीचे ऑइल स्वस्त मिळाले तरी घालू नये, क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' असे छापलेले पाहून घ्यावे. इंजिन थोडे गरम करून खालचा नट काढावा आणि बसवताना वायसर विसरू नये. तो नट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसतो, तेथे पहिलवानकी केली तर आटे जातात. काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

हवेबद्दल थोडक्यात सांगतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघे बसल्यास ३२ पौंड लागते. तुमचे गाठोडे हेच दुसरे माणूस समजावे. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे निघतानाच तपासावी.

प्लग, एअर फिल्टर आणि क्लच वायर ही तीन कामे मिळून पंधरा मिनिटांचीही नाहीत. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर चिंता नाही, कोरडी काजळी असेल तर आधी फिल्टर पाहावा, आणि तेलकट असेल तर मिस्त्रीला दाखवावे. स्पंजचा फिल्टर धुता येतो, कागदी फिल्टर धुऊ नये, नुसता झटकावा किंवा बदलावा. क्लच वायर नेहमी मुठीजवळच्या टोकाला एकेक तार सोडत तुटते, तेथे बोट फिरवले की आधीच कळते. आम्ही जुन्या वायरच्या शेजारीच एक नवी वायर बांधून ठेवली आहे. वाटेत तुटली तर फक्त दोन टोके अडकवायची.

आता ब्रेक. चाळीसगावकडे जाणाऱ्यांना कन्नडच्या पुढचा औट्रम घाट ठाऊक आहेच. २०२१ साली दरड कोसळून तो बंद झाला होता, तेव्हा त्या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांचे किती हाल झाले हे आम्ही वेगळे सांगायला नको. हा घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे आम्ही पाहिले आहेत. लादलेली गाडी अशी सोडली की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, लायनर तापतो आणि नेमक्या वळणावर पकड सुटते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरावे. ब्रेकचा पायंडल दाबल्यावर ड्रमच्या झाकणावरील बाण खुणेपर्यंत पोचत असेल, तर लायनर संपला आहे. तो नट आवळून चालढकल करण्याचा विषय नाही. डिस्क ब्रेक असेल तर त्याचे ऑइल दोन वर्षांनी बदलून घ्यावे, पण ते आणि लायनर ही दोन्ही कामे, हात बसलेला नसेल तर, उस्तादाकडूनच करावीत.

टॅपेट, कार्बोरेटर आणि वायरिंग यांनाही आम्ही हात लावत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच बीएस-६ गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते आणि सेन्सर असतात. त्यांतील वायर काढून 'बघू काय होते' असे करू नये, मीटरवर इंजिनचा दिवा लागला तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठावे. गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग तेथेच करून पावत्या जपाव्यात.

हत्यारे फार लागत नाहीत. पान्यांचा एक संच, प्लगपाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हवेचा छोटा गेज, चेनचे एक लॉक, एक प्लग, थोडी तार आणि जुने फडके. ही सर्व वस्तू आम्ही जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळून सीटखाली ठेवतो. उधारीच्या वहीचे शेवटचे पान गाडीसाठी राखले आहे. तारीख, किलोमीटर आणि काय केले एवढेच त्यावर लिहितो. गेल्या पावसाळ्यात मागचा टायर लवकर झिजला तेव्हा त्याच पानावरून कळले, की चार आठवडे हवा तपासायची राहून गेली होती.