तान्ह्या लेकीसोबत कळसूबाईच्या वाटेवर

दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही नागपूरहून निघालो, तेव्हा अम्मी एवढंच म्हणाल्या, "डोंगर कुठं पळून जात नाही. पोरीला जपा."

इगतपुरीपर्यंतचा सुमारे 700 किलोमीटरचा रेल्वेप्रवास आम्ही मुद्दाम रात्रीचा ठेवला. खालचा बर्थ, सुती दुपटी, उकळून गार केलेलं पाणी आणि नाचणीचं सत्त्व एवढं जवळ होतं. लेक निवांत झोपली.

पुढं जीपनं पायथ्याचं बारी गाव गाठलं. कळसूबाई हे 1646 मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. डिसेंबरची सकाळ होती. लेकीला पाळीपाळीनं पाठीवरच्या पिशवीत बसवून आम्ही चढू लागलो. लोखंडी शिड्यांपर्यंत आलो तोवर घामाघूम झालो होतो. दूध पाजायला थांबलो आणि तिच्या मानेला हात लावला, तर मान गार!

तेव्हा चूक उमगली. चालणाऱ्याचं अंग तापतं. पाठीवरचं बाळ हलत नाही, वाऱ्यात गारठतं. आम्ही आमच्या घामावरून तिची थंडी मोजत होतो. तिला छातीशी घेतलं, वरून शाल गुंडाळली. माथा समोर दिसत होता. क्षणभर मन अडलं, पण आम्ही मागं फिरलो. बारीत पोहोचेपर्यंत ती पुन्हा खेळू लागली होती, अल्हम्दुलिल्लाह!

बाळाला घेऊन डोंगरात जाणाऱ्यांनी थोड्या थोड्या वेळानं त्याची मान चाचपावी, आणि मागं फिरण्याची तयारी घरूनच करून निघावं. शिखर पुन्हा कधीतरी, इन्शाअल्लाह.