बरोक: मळक्या तळपायांची कला

बरोक म्हटलं की सोनेरी वेलबुट्टी, छतावर तरंगणारे गुबगुबीत देवदूत आणि राजेशाही थाट एवढंच अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. ही कला म्हणजे नुसती सजावट, हा समज त्यातूनच रुजला. पण या शैलीला रोममध्ये जोर आणणाऱ्या काराव्हाज्जोच्या चित्रांत झगमगाट शोधूनही सापडत नाही. त्याची ‘लोरेतोची माता’ आजही तिथल्या सांत आगोस्तीनो चर्चमध्ये आहे. दाराच्या उंबऱ्यावर मरियम, कडेवर बाळ, समोर गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू. त्यांतल्या पुरुषाचे मळलेले तळपाय थेट आपल्याकडे वळलेले आहेत. दूरवरून चालत आलेल्या भाविकाला वेदीवरच्या चित्रात आपल्यासारखेच पाय दिसतात. माझ्या मते बरोकचं सामर्थ्य इथे आहे: पाहणाऱ्याला प्रसंगाच्या आत ओढून घेण्यात.

दुसरा समज असा, की चर्चने फर्मान काढलं आणि कलावंतांनी ते निमूट पाळलं. प्रॉटेस्टंटांच्या आव्हानानंतर भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांचं समर्थन केलं हे खरं. चित्रांनी शिकवावं, त्यांत अभद्र काही नसावं, असंही तिने बजावलं. शैली कोणती असावी, हे मात्र सांगितलं नाही. त्यामुळे खटके उडत. काराव्हाज्जोच्या ‘मरियमचा मृत्यू’ या चित्रात मरियम फुगलेल्या पोटाची, उघड्या पावलांची, खरोखर मेलेली बाई दिसते. ज्या चर्चसाठी ते काढलं होतं, तिथल्या कार्मेलाइट साधूंनी ते नाकारलं. मग चित्रकार रुबेन्सच्या सल्ल्यावरून १६०७ मध्ये मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. वेदीसाठी अयोग्य ठरलेलं हे चित्र मला त्या काळातलं सर्वांत प्रामाणिक शोकचित्र वाटतं.

भावनेचा बेभान उद्रेक, हेही बरोकचं अपुरं वर्णन. बर्निनीच्या ‘संत तेरेसा’ या शिल्पावर उजेड पडतो तो वर लपवलेल्या खिडकीतून. भावनेमागे असा काटेकोर हिशेब आहे.

आणि ही कला फक्त कॅथलिकांची नव्हे. प्रॉटेस्टंट हॉलंडमधल्या रेम्ब्रांचं ‘नाइट वॉच’ (१६४२) शहराच्या रक्षकदलाने स्वतःच्या पैशाने काढून घेतलं होतं.

गोव्याबद्दलचा समज अधिक जवळचा: इथली ख्रिस्ती कला युरोपातून जशीच्या तशी आली. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहावी. खालचा संगमरवरी चौथरा फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचा, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये उभारलेला. वरची चांदीची पेटी मात्र त्याआधीच, १६३७ च्या सुमारास, गोव्यातल्या कारागिरांनी घडवली होती.

याच बॅसिलिकाचा उघडा जांभा पाहून ती मुळातच तशी होती असं पर्यटकांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला गेला. आता पावसाने दगड झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी होते, आणि ती रास्त आहे.