ऑफर लेटर हातात आल्यावर

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मुलाला घेऊन घरी आले. कोंढव्यात राहतात, रिक्षा चालवतात. मुलगा बीसीए झालेला आणि हातात हिंजवडीच्या एका आयटी सपोर्ट कंपनीचे ऑफर लेटर. चाचा म्हणाले, "सर, सगळं इंग्रजीत आहे. वाचून सांगा, पोराला पाठवू का नको?"

पत्रात वार्षिक पॅकेज होते 2 लाख 40 हजार. चाचांनी सरळ 12 ने भागून महिना 20 हजार धरले होते. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. मूळ वेतन 10 हजार. त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 1,200, ग्रॅच्युइटीचे 481 आणि ईएसआयचे पावणेसहाशेच्या आसपास. हे सारे त्या 20 हजारांतच मोजलेले. पुढे मुलाच्या वाट्याचा 1,200 निधी, ईएसआयचे सव्वाशे-दीडशे आणि 200 रुपये व्यवसाय कर वजा केला, तर हातात साधारण 16,200 उरतात. चाचा जरा गप्प झाले. पण निधीचे पैसे बुडत नाहीत, आणि ईएसआयमुळे घरातल्यांच्या दवाखान्याचीही सोय होते, हे आम्ही सांगितले. रिक्षावर पोट असलेल्या घराला ही लहान गोष्ट नाही.

आयटी म्हटले की मोहल्ल्यात सगळ्यांना वाटते मुलगा सॉफ्टवेअर बनवतो. सपोर्टचे काम वेगळे. दूरच्या कुठल्या कंपनीतल्या माणसाचा संगणक अडला, पासवर्ड विसरला, प्रिंटर चालेना, की त्याची तक्रार 'तिकीट' म्हणून पडद्यावर येते. ठरलेल्या वेळेत ते तिकीट बंद करायचे. रागावलेल्या माणसाशीही शांतपणे बोलायचे. घाबरत बोलणारी उर्दू माध्यमाची मुले या कामात वर्षभरात इंग्रजी धडाधड बोलू लागतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेत आम्ही दहा वर्षांत जे देऊ शकलो नाही ते हेडफोनने दिले, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

खरी किंमत वेळेत मोजावी लागते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे शिफ्ट साडेसहाला सुरू आणि पहाटे साडेतीनला संपणार. रमजानात नेमके इफ्तारच्या वेळी लॉगिन करायचे. लंडनची शिफ्ट दुपारी दीडला, म्हणजे जुम्म्याच्या वेळेलाच भिडते. पहिल्याच दिवशी टीम लीडरशी मोकळेपणाने बोलून वीस-पंचवीस मिनिटांची अदलाबदल ठरवलेली बरी. गुपचूप उठून जाणे आणि मनातल्या मनात कुढत बसणे, दोन्ही वाईट. त्यातून कोंढवा ते हिंजवडी म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे. वाकडच्या गर्दीत अडकलेल्या माणसाला विचारा. हेच काम खराडी किंवा मगरपट्ट्यात मिळत असेल तर हजार-दोन हजार कमी घेऊनही आम्ही तिकडे जायला सांगू. दिवसा झोपणाऱ्या मुलासाठी घरानेही टीव्हीचा आवाज कमी करायला हवा. दोन खोल्यांच्या घरात हे म्हणणे सोपे, करणे कठीण.

मुलींच्या आया हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. 2007 च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीचा, तिला कामावर नेणाऱ्या कॅबच्या चालकानेच साथीदारासह खून केला. ते अजून कुणी विसरलेले नाही, विसरूही नये. मात्र त्यासाठी मुलीची नोकरीच नाकारावी, हे आम्हाला पटत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी संरक्षणाची व ने-आण करण्याची जबाबदारी मालकाची. तेव्हा मुलाखतीतच विचारावे: शिफ्ट कोणती, कॅबमध्ये सुरक्षारक्षक असतो का, शेवटी उतरणारी मुलगी एकटी राहते का. हे विचारल्यावर जी कंपनी कपाळाला आठ्या घालते, तिथे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट चाचांनी विचारली नव्हती, पण आम्ही सांगितली. सपोर्टच्या नावाखाली फसवणुकीची दुकानेही चालतात. सप्टेंबर 2024 मध्ये सीबीआयने पुणे, हैदराबाद, अहमदाबाद आणि विशाखापट्टणमला छापे घालून 26 जणांना अटक केली. परदेशातल्या लोकांना 'तुमच्या संगणकात कुणी शिरले आहे' अशी भीती घालून पैसे उकळले जात होते. अशा ठिकाणी खुर्चीवर बसलेली पोरे आपल्यासारख्याच घरांतली असतात. समोरच्याने स्वतः तक्रार नोंदवलेली नसताना आपणच फोन करून घाबरवायचे असेल, गिफ्ट कार्डाने पैसे मागायचे असतील, तर तो पगार हलाल नाही आणि पोलीस ठाणेही दूर नाही. त्याच दिवशी उठून घरी यावे. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्यालाही दारातूनच सलाम करावा, आणि मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नयेत.

मुलाशी मात्र आम्ही वेगळेच बोललो. पासवर्ड बदलून देण्याचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. पहिल्या पायरीवर दोन वर्षांहून जास्त बसलास तर तीच पायरी उद्या काढून घेतील. सर्व्हर, नेटवर्क, लिनक्स, क्लाउड, यातले एक धर आणि त्याची परीक्षा दे. आमचे दोन विद्यार्थी याच वाटेने वर गेले. तिसरा पाच वर्षे तिथल्या तिथेच राहिला, आणि मागच्या कपातीत पहिले नाव त्याचे निघाले. हुशारीत तो त्या दोघांपेक्षा कमी नव्हता.

मुलाने नोकरी घेतली. परवा पहाटे पावणेसहाला त्याचा फोन आला. आम्ही फज्र पढून शाळेच्या तयारीत होतो, तो नुकताच कॅबमधून उतरलेला. म्हणाला, "सर, नेटवर्किंगच्या परीक्षेची फी भरली. अब्बूंना अजून सांगितलं नाही, पास झाल्यावर सांगेन." मागून चाचांचा आवाज येत होता. ते रिक्षा पुसत होते.