बंबानं हवा धरली!

बऱ्याच जणांनी विचारलं, "तुमचा बंब कुठवर आला?" तर आज तेच सांगतो, सोबत पंपाचं थोडं शास्त्रही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, शंभर वर्षांहून जुनं थिएटर. तेव्हापासून मला बंबांचं वेड लागलं. आठवडाभर कोडिंग, आणि रविवारी उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये. तिथं आम्ही चौघांनी भंगारातून घेतलेला टाटा-मर्सिडीज बंब उभा आहे. टाटा आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा होता, म्हणून त्याच्या जाळीवर तो तीन टोकांचा तारा.

आमची पहिली चूक म्हणजे आधी रंग मारला. लालभडक फोटो टाकले, लाइक्सचा पाऊस पडला. मग पंप चालू केला. इंजिन बोंबलतंय, पाणी थेंबभर नाही!

मामाची नदीकाठी उसाची शेती. तो ऐकूनच म्हणाला, "हवा धरलीया त्यानं. आपली नदीवरची मोटार धरती तशी."

म्हणजे काय? आपल्याला वाटतं पंप पाणी ओढतो. खरं तर पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. पाइपातली हवा काढली की पाणी आपोआप चढतं. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणून इथं साडेनऊच्या आसपास. प्रत्यक्षात सातच्या पुढं भरवसा नाही.

बंबातला पंप सेंट्रिफ्यूगल. त्यातला फिरता पंखा पाणी जोरात फेकतो, पण हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी, ती त्याला फेकून काढता येत नाही. शेतात आपण फूटव्हॉल्व्ह लावतो आणि वरून पाणी ओततो. आग लागल्यावर एवढा वेळ कुठला? म्हणून बंबात हवा काढायला वेगळा प्रायमर असतो.

आमचा प्रायमर ठीक होता, पण काटा लगेच खाली यायचा. कुठून तरी हवा शिरत होती. मामानं उदबत्ती पेटवून सगळीकडं फिरवली. शाफ्टपाशी धूर आत ओढला गेला. ग्लँडदोरी वाळून गेलेली, शाफ्टही झिजलेला. लेथवर गनमेटलची नवी बाही केली, दोरी बदलली. पंप उतरवताना नवा रंग मात्र खरवडला गेला.

असं काम टिकतं का? दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १९१४ चा 'जॉन मॉरिस' बंब आहे, निझामाच्या रेल्वेसाठी इंग्लंडात बनलेला. भरीव रबरी टायरांवर तो विंटेज रॅलीत धावलाय.

आमचा मात्र रस्त्यावर येणार नाही. २०२१ च्या नियमानं मिळणारी 'व्हीए' नंबरप्लेट पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, बंब त्यात बसत नाही. कुठं न्यायचा तर ट्रेलरवरच. तुम्ही असं काही घेणार असाल तर कागद आधी बघा, पंप नंतर, रंग सगळ्यात शेवटी.

गेल्या रविवारी वर्कशॉपच्या हौदात पाइप सोडला. काटा चढला, तिथंच थांबला. मग होजमधून असं पाणी सुटलं की आम्ही चौघंही नखशिखांत भिजलो. मामा लांब उभा राहून हसत होता.

रंग परत मारायचाय. पण आता घाई नाही.