पेटीवरचे चित्र, न्याहारीतला मध
स्लोव्हेनिया नावाच्या चिमुकल्या देशाने मधमाशीला घरात, शाळेत आणि कायद्यातही जागा दिली. तिथल्या रोजच्या जगण्यातल्या एका जुन्या रीतीविषयी.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी स्लोव्हेनियातल्या बालवाड्यांमध्ये आणि प्राथमिक शाळांमध्ये सकाळची न्याहारी सगळीकडे एकच असते. पाव, लोणी, मध, दूध आणि सफरचंद. हे पदार्थ शक्यतो त्याच परिसरातल्या शेतकऱ्यांकडून आणि मधपाळांकडून घेतलेले असतात. कित्येक शाळांमध्ये त्या दिवशी गावातला मधपाळ स्वतः येतो आणि मुलांना पोळ्यातले जग समजावून सांगतो. या प्रथेची सुरुवात 2007 साली मधपाळ संघाने ‘मधाची न्याहारी’ म्हणून केली. 2011 पासून सरकारने ती देशभर नेली. त्या दिवशी मंत्रीही एखाद्या शाळेत मुलांच्या पंगतीला बसतात.

आल्प्स पर्वताच्या आग्नेय कुशीतला हा देश. क्षेत्रफळ जेमतेम 20 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास. एवढ्याशा देशात मधपाळांची संख्या दहा हजारांवर आहे, म्हणजे साधारण दर दोनशे माणसांमागे एक मधपाळ. यातले बहुतेक जण मधावर पोट भरत नाहीत. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यात कामाला, कुणी निवृत्त. घरामागे दहा-वीस पेट्या असतात आणि संध्याकाळचा, सुट्टीचा वेळ त्यांच्यात जातो. 2022 साली युनेस्कोने स्लोव्हेनियातल्या मधमाशीपालनाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, ती ‘जीवनपद्धती’ म्हणून. एखादा उद्योग वारसा म्हणून जपायचा तर संग्रहालय बांधावे लागते. इथे तो लोकांच्या परसातच जिवंत आहे, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवे.

मधाचा देश का झाला?

उत्तर आधी झाडांत शोधावे लागते. देशाचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. वसंतात फळबागा आणि रॉबिनिया फुलतात, मग लिंडन, त्यानंतर चेस्टनट. स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांवर मावा पडतो. हा मावा झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. आपल्याकडचा शेतकरी हा चिकटा पाहून धास्तावतो. तिथला मधपाळ मात्र त्याची वाट पाहत असतो, कारण माश्या तो गोळा करतात आणि त्यातून गडद रंगाचा, खमंग चवीचा जंगलमध तयार होतो.

पूर्वी गहू-बार्ली निघाली की त्याच रानात कुट्टू पेरत. उन्हाळा सरता सरता कुट्टूची शेते पांढरीगुलाबी होत आणि मधपाळ रातोरात गाडीवर पेट्या चढवून तिकडे नेत. दिवसा नेल्या तर चरायला गेलेल्या माश्या मागे राहतात, म्हणून हा प्रवास रात्रीचा. साखर महाग होती तेव्हा गोडासाठी मध होता आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांसाठी मेण. दोन्हींना मागणी होती, त्यामुळे छोट्या शेतकऱ्यालाही पेट्या ठेवणे परवडे. यान्येझ वायकार्द वाल्वासोर या विद्वानाने 1689 मध्ये या प्रदेशाचे सविस्तर वर्णन करणारा ग्रंथ लिहिला, त्यातही मधमाशीपालन आहे.

या डोंगराळ हवेत जी मधमाशी घडली ती कार्निओलन. अंगावर राखाडी लव, स्वभावाने शांत. हिवाळ्यात ती थोड्या संख्येनिशी आणि थोड्या अन्नावर तग धरते. वसंत लागला की तिची वसाहत झपाट्याने वाढते. शांत असल्यामुळे तिची पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार पावलांवर ठेवली तरी शेजाऱ्याला त्रास होत नाही. दाट वस्तीच्या गावांत मधमाशीपालन टिकले, त्यात तिच्या या स्वभावाचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एमिल रॉटशूट्स या जमीनदाराने या माश्या युरोपभर पाठवण्याचा व्यापार सुरू केला. आज इटालियन माशीखालोखाल जगात सर्वाधिक पाळली जाते ती हीच. स्लोव्हेनियाने या देशी माशीला कायद्याने संरक्षण दिले आहे.

खणांची भिंत आणि तिच्यावरची चित्रे

स्लोव्हेनियाच्या खेड्यातून जाताना मधमाश्यांची लाकडी घरे लगेच ओळखू येतात. छप्पर उतरते आणि समोरच्या भिंतीत एकावर एक रचलेल्या रंगीत पेट्या. मधपाळ मागच्या दाराने आत शिरतो. प्रत्येक पेटीला मागे कपाटासारखे दार असते, ते उघडून चौकटी बाहेर ओढायच्या. पेटीचे झाकण वरून उघडायचे नसल्यामुळे पेट्यांचे थरावर थर रचता येतात, पाऊस आला तरी काम थांबत नाही आणि अख्खी रचना ट्रकवर बसवून फुलोऱ्यामागे हिंडवता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतोन झ्निदेरशिच यांनी जर्मनीतल्या आल्बेर्टी पेटीत सुधारणा करून हा नमुना घडवला. देशातल्या बहुतेक पेट्या अजून याच घडणीच्या आहेत.

त्याआधी वापरात होती ती बुटकी, लांबट लाकडी पेटी. तिची दर्शनी फळी साधारण एक फूट रुंद आणि अर्ध्या फुटाहूनही कमी उंच. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लोक या फळ्यांवर चित्रे काढू लागले. आज उपलब्ध असलेली सर्वात जुनी फळी 1758 सालची आहे आणि तिच्यावर मेरीमाता आहे. जवसाच्या तेलात खललेल्या रंगांनी ऊनपाऊस सोसला, म्हणून शेकडो फळ्या आजही पाहायला मिळतात. त्यांतले विषय सहाशेच्या घरात भरतात.

अनेक फळ्यांवर बायबलमधल्या कथा आणि संत आहेत. आगीपासून राखणारा संत फ्लोरियान पुन्हा पुन्हा दिसतो, कारण लाकडी घरांच्या गावाला आगीचे भय मोठे. बाकीच्या फळ्यांवर गावगाड्यातला हास्यविनोद आहे. शिकाऱ्याची अंत्ययात्रा निघाली आहे आणि तिरडीला खांदा दिला आहे जंगलातल्या जनावरांनी. एका जात्यात म्हाताऱ्या बायका घालतात आणि खालून तरुण होऊन बाहेर येतात. चहाडखोर बाईची जीभ सैतान सहाणेवर परजतो आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्या शेतकऱ्यांचे हे चित्ररूप ग्रंथालयच होते.

चित्रे का काढत, याची कारणे लोक वेगवेगळी सांगतात. पेटीवर देवाची कृपा राहावी ही श्रद्धा होती. मालकाला आपली पेटी सांगताना खूण उपयोगी पडे: पोळे फुटून थवा उडाला की ‘फ्लोरियानच्या पेटीतून गेला’ असे म्हणता येई. शिवाय मधमाशीला रंग दिसतात. निळा-पिवळा ती छान ओळखते, लाल मात्र तिला दिसत नाही. एकसारख्या पेट्यांच्या रांगेत परतणाऱ्या माशीला रंगाचा आधार मिळतो, हे आधुनिक मधपाळही मानतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही चित्रकला थांबली. रादोव्लित्सा या जुन्या गावातल्या मधमाशीपालन संग्रहालयात आणि ल्युब्लियानाच्या लोकसंस्कृती संग्रहालयात या फळ्यांचे मोठे संग्रह आहेत. घराघरांतून नव्या पेट्यांवर आता पुन्हा तीच जुनी चित्रे हौसेने काढली जातात.

चित्रकाराचा मुलगा नव्हे, शेतकऱ्याचा

या परंपरेतले सर्वात मोठे नाव आहे आंतोन यान्शा. 1734 मध्ये ब्रेझ्नित्सा या खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. भावांबरोबर तो चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला. घरच्या पेट्यांचा अनुभव मात्र त्याला सोडून गेला नाही. तेव्हा हा प्रदेश हाब्सबुर्ग साम्राज्यात होता. 1770 साली सम्राज्ञी मारिया टेरेसाने व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा काढली आणि तिथला पहिला शिक्षक म्हणून या शेतकऱ्याच्या मुलाची नेमणूक केली.

नर माश्या पोळ्यात पाणी वाहून आणतात, असा त्या काळी समज होता. यान्शाने निरीक्षणाने सांगितले की त्या नरांशी राणीचा संयोग होतो आणि तोही पोळ्याबाहेर, हवेत. फुलोरा असेल तिकडे पेट्या न्याव्यात, याचा त्याने आग्रह धरला. 1773 मध्ये, वयाच्या चाळिशीआधीच, तो वारला. त्याच्या मागून आलेल्या शिक्षकांनी त्याच्याच पद्धतीने शिकवावे, असा हुकूम सम्राज्ञीने काढला. त्याचे जन्मगाव आजही मधपाळांचे तीर्थस्थान आहे.

20 मे ही तारीख त्याच्या स्मरणाची. स्लोव्हेनियाच्या मधपाळ संघाने ती जगापुढे मांडली आणि सरकारने संयुक्त राष्ट्रांत पाठपुरावा केला. 115 देशांनी ठरावाला साथ दिली आणि 20 डिसेंबर 2017 रोजी तो मंजूर झाला. 2018 पासून 20 मे हा जागतिक मधमाशी दिन आहे. 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या, सैन्याच्या किंवा पैशाच्या जोरावर जगात ऐकू न येणाऱ्या देशाने आपल्या परसातली गोष्ट जगाच्या कामाची आहे हे पटवून दिले. महाबळेश्वरच्या मधपाळांपर्यंतही तो दिवस पोहोचला आहे.

सणातला मध, शहरातला मध

नाताळच्या आधी घरोघरी मधाचा पाव भाजतात. द्राझ्गोशे गावात मध आणि मसाले घातलेल्या कणकेला हाताने वेलबुट्टी देतात. जत्रेत लाल रंगाची, मधोमध आरसा बसवलेली मधपावाची बदामे विकत मिळतात. तरुण ती आपल्या आवडत्या मुलीला देत. 7 डिसेंबर हा मधपाळांचा आश्रयदाता मानल्या जाणाऱ्या संत अम्ब्रोजचा दिवस.

राजधानी ल्युब्लियानातही पेट्या आहेत, त्याही शहराच्या मुख्य सांस्कृतिक केंद्राच्या गच्चीवर. शहरातल्या मधमाशीशी संबंधित जागा जोडणारी पायवाट आखली आहे. शाळांमध्ये मधमाशी मंडळे चालतात. मुले पेटी सांभाळतात, मध काढतात, परीक्षाही देतात.

संकटे नाहीत असे नाही. 2011 मध्ये ईशान्येकडच्या पोमुरये भागात मक्याच्या पेरणीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर माश्या मेल्या. बियाण्याला लावलेल्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाची धूळ त्यामागे होती. मधपाळांनी आवाज उठवल्यावर सरकारने अशा बीजप्रक्रियेवर बंदी आणली. युरोपीय संघाने निर्बंध आणले ते त्यानंतर, 2013 मध्ये. दुसरा शत्रू व्हरोआ हा कोळी. तो मुळात आशियातल्या आपल्या सातेरी मधमाशीचा सोबती. सातेरी त्याला अंगावरून झाडून काढते आणि त्याच्यासह जगते. युरोपीय माशीला ही विद्या नव्हती, म्हणून तिच्या वसाहती कोसळल्या. आता स्लोव्हेनियातल्या प्रत्येक मधपाळाच्या वर्षाच्या कामात या कोळ्यावरचा उपचार असतो. वसंतात उशिरा पडणारा कडाका फुलोरा जाळतो, तेव्हा मधाऐवजी माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो.

तरीही ही परंपरा टिकते आहे. याचे कारण मला तिच्या रचनेत दिसते. पेट्यांचे ओझे मोजक्या कारखानदारांवर नाही, दहा हजार घरांवर आहे. एकाने सोडली तर शेजारी सांभाळतो. विष पसरले तर दहा हजार जणांना एकाच दिवशी कळते आणि सरकारला ऐकावेच लागते. शाळेतले मूल मध खाताना तो कुठून आला हे शिकते, मग मोठेपणी फवारणीच्या प्रश्नावर गप्प बसत नाही. निसर्ग जपण्याचे धोरण जर लोकांच्या सवयींत उतरले नाही तर ते सरकार बदलले की विरते. स्लोव्हेनियाने आधी सवय जपली, कायदा नंतर केला. आपल्याकडे महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हटले गेले. अशा गावांतल्या शाळांनी वर्षातला एक दिवस गावच्या मधाच्या न्याहारीचा ठरवला, तर खर्च अगदी थोडा येईल आणि त्यातून घडणारी पिढी मधमाशीच्या बाजूने बोलणारी असेल.