तीन घरचा पाहुणा

धंतोलीतून निघून काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी ओलांडत बजाजनगरकडे आलं की उजाड माळावर वसवलेला, आता झाडांनी गच्च भरलेला दोनशेहून अधिक एकरांचा परिसर लागतो. पाटीवर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान, म्हणजे व्हीएनआयटी. धंतोलीतले जुने वकील, डॉक्टर, निवृत्त मास्तर मात्र अजून ‘व्हीआरसीई’च म्हणतात आणि घरातला कुणी तिथून शिकला असेल तर ते जरा मान ताठ करून सांगतात. या कॉलेजच्या इमारतींबद्दल, माजी विद्यार्थ्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते चालवतं कोण, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. खरी गंमत तिथंच आहे.

त्याची मुळं जुलै 1956 मध्ये नागपुरात सुरू झालेल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात आहेत. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. चारच महिन्यांत राज्यपुनर्रचना झाली, राजधानी गेली आणि कॉलेज द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि जूनमध्ये हेच सरकारी कॉलेज सामावून घेत प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. चार वर्षांत तीन राज्यं! पहिल्या तुकडीतल्या मुलांनी एकाच शहरात राहून तीन सरकारं पाहिली.

पुढं ऑक्टोबर 1962 मध्ये नियामक मंडळानं कॉलेजला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं नाव दिलं; हेच ते ‘व्हीआरसीई’. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं होतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारा हा माणूस. म्हैसूरचा दिवाण म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण महाराष्ट्राचा हक्कही काही कमी नाही.

हे कॉलेज ‘प्रादेशिक’ का? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत धरणं, पोलाद, वीज यांची कामं निघाली आणि इंजिनिअर कमी पडणार हे स्पष्ट झालं. म्हणून केंद्रानं राज्याराज्यांत प्रादेशिक कॉलेजं काढायचं ठरवलं. अशी पुढं सतरा झाली. व्यवस्था मोठी चतुर होती. इमारती आणि यंत्रसामग्रीचा खर्च पूर्ण केंद्राचा. पदवी अभ्यासक्रमाचा रोजचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा. पदव्युत्तर पुन्हा पूर्ण केंद्राचं. प्रवेश निम्मे राज्यातल्या मुलांना, निम्मे बाहेरच्यांना. त्यामुळे वसतिगृहात वऱ्हाडी पोट्टा आणि दूरच्या राज्यातला मुलगा एकाच खोलीत आले. ही त्या रचनेची सगळ्यात चांगली कमाई, असं मला वाटतं.

कागदावर कॉलेज ही नोंदणीकृत संस्था, तिला स्वतंत्र नियामक मंडळ. पण पैसा दिल्ली आणि मुंबईचा, अभ्यासक्रम नागपूर विद्यापीठाचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं घरं तीन होती.

हे प्रत्यक्षात कसं चाले? समजा, 1980 च्या सुमारास स्थापत्य विभागातल्या एका प्राध्यापकाला संगणकाच्या मदतीनं इमारतींचं विश्लेषण शिकवायचं आहे. त्यासाठी संगणक हवा. तो भांडवली खर्च, म्हणजे दिल्लीची मंजुरी. तो चालवायला माणूस हवा. तो रोजचा खर्च, म्हणजे राज्याचाही होकार. विषय अभ्यासक्रमात बसवायचा तर विद्यापीठाचं अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्वत परिषद, आणि तिथं विद्यापीठाच्या इतर कॉलेजांचाही विचार करावा लागणार. सगळं जमून आलं तरी प्रश्नपत्रिका काढणार दुसराच, तपासणार तिसराच. ज्यानं वर्षभर शिकवलं, त्याच्या हातात अंतर्गत गुण तेवढे. अशा कॉलेजाला प्रयोग करा म्हणून सांगणं सोपं होतं.

1996 मध्ये केंद्रानं या सतरा कॉलेजांकडे पाहायला डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1998 च्या अहवालानं रोगाचं नेमकं निदान केलं: कारभार विभागलेला आहे, शैक्षणिक स्वातंत्र्य नाही. त्यानंतर ही कॉलेजं पूर्णपणे केंद्राकडे गेली. नागपूरचं कॉलेज 26 जून 2002 पासून अभिमत विद्यापीठ झालं. पुढं संसदेनं अशा राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांसाठी कायदा केला आणि तो 15 ऑगस्ट 2007 पासून लागू झाला.

प्राध्यापकाच्या टेबलावर बदल लगेच दिसला. आता तोच शिकवतो, पेपर काढतो, तपासतो आणि एए, एबी, बीबी अशी श्रेणी देतो. नवा विषय आणायचा तर विभागातून संस्थेच्या सिनेटपर्यंत जायचं. सगळी वाट एकाच आवारातली. बाहेरचा परीक्षक गेला तशी बाहेरची नजरही गेली, हेही खरं. पण चाळीस वर्षांच्या बंधनांनंतर एवढी जोखीम घ्यायलाच हवी होती.

पैशाची आणि खुर्चीची गोष्ट मात्र निराळी. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रपती हे संस्थेचे अभ्यागत. सगळ्या राष्ट्रीय संस्थांच्या वर केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद. नागपूरच्या नियामक मंडळात केंद्राचे दोन वरिष्ठ अधिकारी, एक तंत्रशिक्षणाचा आणि एक वित्ताचा. राज्य सरकार नेमणार ते दोघं, तंत्रज्ञ किंवा उद्योजक. सिनेटकडून एक प्राध्यापक आणि एक कनिष्ठ अध्यापक. विद्यार्थ्याला खुर्ची नाही, विदर्भाला म्हणून तर नाहीच. प्रवेशात निम्म्या जागा राज्याच्या उरल्या. त्यात विदर्भाचा वेगळा वाटा नाही. ज्या प्रदेशाच्या नावानं ‘प्रादेशिक’ कॉलेज निघालं, त्या प्रदेशाचं नाव या रचनेत कुठंच राहिलं नाही.

2016 चं उदाहरण घ्या. बीटेकचं वार्षिक शिक्षणशुल्क 70 हजारांवरून 1 लाख 25 हजारांवर गेलं. कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना सवलत ठेवली, अनुसूचित जाती-जमातींना माफी, ते योग्यच. पण हा निर्णय देशातल्या सगळ्या राष्ट्रीय संस्थांसाठी एकदम दिल्लीत झाला. कुठं किती परवडतं, याचा हिशेब नागपुरात मांडायची सोयच नव्हती. मंजूर पदं, भरतीचे निकष यांचंही तसंच. थोडक्यात, स्वायत्तता आली ती दिल्लीमार्गे, आणि वाटेत तिचा काही भाग तिथंच राहिला.

अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था म्हणजे एलआयटी, याच्या उलट वाटेनं आली. कामठीचे दानशूर रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मागं ठेवलेल्या संपत्तीतून ती 1942 मध्ये सुरू झाली. केंद्राशी संबंध नाही, नागपूर विद्यापीठाचीच संस्था. ऐंशी वर्षं विद्यापीठाच्या पंखाखाली काढल्यावर 2023 मध्ये राज्याच्या कायद्यानं ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हाच दर्जा आदल्या वर्षी मिळाला होता. म्हणजे नागपुरातली तंत्रशिक्षणाची ही दोन स्वयंशासित घरं: एकाचा मालक दिल्लीत, दुसऱ्याचा मुंबईत. देणगी नागपूरकराची असो की जमीन नागपूरची, संस्थेच्या प्रमुखाला सही मागायला गाडी धरावीच लागते. मुंबईची गाडी रात्रभरात पोचवते. दिल्लीला आता विमान आहे, एवढाच फरक.