पीसीवर उडी उशिरा का बसते? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

मोबाईलवर 'डेड सेल्स' सफाईने खेळणारा मुलगा पहिल्यांदा लॅपटॉपवर बसतो आणि तीच सोपी उडी चुकते. पुन्हा चुकते. मग मित्रांचा सल्ला येतो, "अरे, ग्राफिक्स कार्ड टाक." थांबा! तो पैसा आधी खिशातच राहू द्या.

चांदवडला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या किंवा कुठल्याही कॉलेजच्या होस्टेलवर बघा, बहुतेक लॅपटॉप असाइनमेंटसाठी घेतलेले, साधेच असतात. ॲक्शन प्लॅटफॉर्मरला तेवढे पुरू शकतात. २०१८ चा 'सेलेस्टे' घ्या. त्याला किमान २ जीबी रॅम आणि इंटेलचे जुने एचडी ४००० ग्राफिक्स चालते. म्हणजे अडचण बऱ्याचदा ताकदीची नसते, उशिराची असते.

उशीर म्हणजे काय? तुम्ही बटण दाबले आणि पात्र स्क्रीनवर उडाले, यामधला वेळ. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. ३० वर आला की तीच ३३.३. त्यात कीबोर्डचा, व्ही-सिंकचा आणि स्क्रीनचा उशीर मिळवा.

आता गंमत बघा. चांगल्या गेममध्ये कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. 'रोड रनर' कार्टूनमधला कोयोटी कड्यापुढे हवेत धावतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून हे नाव पडले. 'सेलेस्टे'मध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची, म्हणजे ६० च्या वेगाने सहा फ्रेमची आहे. लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला आणि टीव्हीनेच तेवढा उशीर केला, तर तुम्हाला दिलेली सूट टीव्हीनेच खाल्ली! टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर चालू करा. फरक लगेच जाणवतो.

लाईट गेली की गेम का अडखळतो?

हा आपल्याकडचा खास प्रश्न. चार्जर निघाला की बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतात. लोडशेडिंगच्या वेळी गेम अचानक अडखळतो तो यामुळेच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवून बघा. बॅटरी लवकर संपेल, हे मात्र धरून चाला. एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून खेळाल तर चार्जर लावलेला असूनही तो तापून मंद होईल. टेबलावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या.

व्ही-सिंक बंद केल्याने उशीर कमी होतो, पण चित्र मधेच आडवे फाटल्यासारखे दिसू शकते. दोन्ही करून बघा आणि डोळ्यांना जे चालेल ते ठेवा. ब्लूटूथ इअरफोन मात्र सरळ काढा. आवाज मागून आला की हाताचा अंदाज चुकतोच.

कीबोर्डचीही एक खोड असते. स्वस्त कीबोर्ड ठरावीक तीन बटणे एकदम दाबली की एक गिळून टाकतो. 'सेलेस्टे'मध्ये बाण, उडीसाठी सी आणि डॅशसाठी एक्स, अशी बटणे आधीपासून असतात. वर, उजवीकडे आणि एक्स एकत्र दाबल्यावर तिरपा डॅश होत नसेल तर बोटांना दोष देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन बटणे बदला.

एवढे करूनही जमत नसेल तर त्याच गेममध्ये 'असिस्ट मोड' आहे, त्यात वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. काही जण याला चीटिंग म्हणतात. मला ते पटत नाही. सायकल शिकताना मागून कुणी धरले तर ती चीटिंग होते का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (२०२०) हा आपल्या मातीतला गेम अनेकांना खेळायचा असतो. त्यात भिंतीवरून धावणे आहे, चढणे आहे आणि लढाईही आहे. पण तो थ्रीडी आहे, जुन्या लॅपटॉपला जड जातो. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे घेतल्या दिवशीच पहिला अर्धा तास खेळून बघा, तोही चार्जर लावून आणि एकदा काढून.